दवाखान्यातून घरी आल्यावर औषधांचा मेळ कसा घालायचा

डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांचं निम्मं लक्ष बिलाकडे असतं. टीपीएची (विम्याचे दावे बघणाऱ्या संस्थेची) मंजुरी आली का, डिपॉझिट कधी परत मिळणार, पेशंटला खाली न्यायला व्हीलचेअर कुठे आहे. या धावपळीत सिस्टर औषधांची पिशवी हातात देतात, ‘ही सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी’ असं भरभर सांगतात आणि पुढच्या बेडकडे वळतात. घरी येऊन पिशवी गादीवर रिकामी केली की खरे प्रश्न सुरू होतात. आधीपासून चालू असलेल्या बीपीच्या गोळीचं काय करायचं? चिठ्ठीवर एक नाव आणि पाकिटावर दुसरंच, असं का? ही गोळी पाच दिवसांची की कायमची?

माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा घरात मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आधीच सुरू होत्या. त्यात दवाखान्याची नवी यादी आली. त्या वेळी आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या फार्मसिस्ट मॅडमचा. औषधांचं शिक्षण घेतलेला, वेळ न ठरवता भेटणारा आणि फी न घेणारा माणूस आपल्या गल्लीत बसलेला असतो, पण आपण त्याच्याकडून फक्त सुट्टे पैसे आणि गोळ्या घेऊन परत येतो.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०२१ पासून अशी सोय आहे की रुग्णालय पेशंटची डिस्चार्जची माहिती थेट त्याच्या नेहमीच्या फार्मसीकडे पाठवतं आणि तिथला फार्मसिस्ट जुनी आणि नवी औषधं ताडून बघतो. आपल्याकडे हा दुवा घरच्यांनाच जुळवावा लागतो. तो कसा जुळवायचा ते पुढे क्रमाने लिहिलं आहे.

जवळ काय काय हवं

- डिस्चार्ज कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- दवाखान्यात भरती होण्याआधीची शेवटची चिठ्ठी
- घरातली सगळी चालू औषधं, पाकिटांसकट. यात आयुर्वेदिक काढे, चूर्ण, होमिओपॅथीच्या गोळ्या, कॅल्शियम, डोळ्यांचे थेंब, गुडघ्याला लावायचं मलम हेही आलं
- अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट, विशेषतः क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा) आणि साखर
- कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे त्याची नोंद
- जाड मार्कर पेन, कागद, आणि सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली गोळ्यांची डबी

१. वॉर्ड सोडण्याआधी कार्ड वाचून घ्या

कार्डाचं शेवटचं पान, जिथे औषधं लिहिलेली असतात, ते निवासी डॉक्टरांसमोर उघडा आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे बहुतेकांना माहीत असतं. इंग्रजी अक्षरांत मात्र गोंधळ होतो. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. एसओएस म्हणजे फक्त गरज पडली तर. एसओएसची वेदनाशामक गोळी रोज तीन वेळा घेणारे पेशंट कमी नाहीत.

प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहून घ्या : कशासाठी, किती दिवस, आणि आज दवाखान्यात शेवटचा डोस कधी दिला. तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही. पण दुपारी चार वाजता घरी पोचल्यावर सकाळची गोळी दिली आहे की नाही हे ठाऊक नसेल, तर पहिल्याच दिवशी एक डोस दोनदा जातो किंवा चुकतो.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : ‘आधीची कोणती औषधं बंद करायची?’ कार्डावर नवीन औषधं असतात. जुन्यांबद्दल काही लिहिलेलं नसेल तर ती बंद झाली असंही समजू नका आणि चालू आहेत असंही समजू नका. डॉक्टरांकडूनच ‘बंद’ किंवा ‘चालू’ असं लिहून घ्या.

आठवड्यातून एकदाच घ्यायची औषधं असतील तर त्यांच्याभोवती गोल करा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी किंवा पुडी बहुतेक वेळा आठवड्याला एक असते. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्झेटही आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. अशा औषधापुढे वाराचं नाव लिहून घ्या.

२. एकच मेडिकल धरा, आणि वेळ बघून जा

दवाखान्याच्या आवारातल्या दुकानातूनच औषधं घ्यायची सक्ती नसते. औषधं कुठून घ्यायची हे निवडण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत नोंदवलेला आहे. डिस्चार्जच्या दिवशी सोय म्हणून आठवड्याभराची औषधं तिथून घ्यायला हरकत नाही. महिनाभराची एकदम उचलू नका. पहिल्या तपासणीत डोस बदलण्याची शक्यता बरीच असते.

त्यानंतर घराजवळचं एक दुकान ठरवा आणि शक्यतो सगळं तिथूनच घ्या. बीपीची गोळी एकीकडून, अँटिबायोटिक दुसरीकडून आणि उरलेलं ऑनलाइन मागवलं, तर पूर्ण यादी कुणाच्याच डोळ्यांसमोर राहत नाही. दोन डॉक्टरांनी दिलेल्या औषधांची टक्कर ज्याच्या लक्षात येऊ शकते, त्याच्यापर्यंत दोन्ही चिठ्ठ्या पोचायला हव्यात.

काउंटरवर उभा असलेला प्रत्येक माणूस फार्मसिस्ट नसतो, हेही ध्यानात ठेवा. चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मसिस्टच्या देखरेखीखालीच विकली जावीत असा कायदा आहे. ‘फार्मसिस्ट कधी असतात?’ असं सरळ विचारा. संध्याकाळी सात ते नऊ सगळे दवाखाने सुटतात, तेव्हा कुणाला मान वर करायला वेळ नसतो. सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारी उशिरा गेलात तर निवांत बोलता येतं.

३. जुन्या-नव्या गोळ्या काउंटरवर शेजारी शेजारी मांडा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

आपल्याकडे एकाच औषधाची डझनावारी ब्रँडनावं असतात आणि एका गोळीत दोन-तीन औषधंही असतात. नावं वेगळी दिसली की आपण औषधंही वेगळी धरतो. आमच्या मॅडमनी पिशवीतली सगळी पाकिटं काचेवर ओळीने मांडायला लावली आणि प्रत्येक पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. दवाखान्याने दिलेल्या इकोस्प्रिन एव्हीपाशी त्या थांबल्या. त्यात अ‍ॅस्पिरिनबरोबर कोलेस्टेरॉलचं अटोर्वास्टॅटिन असतं. घरून आणलेल्या जुन्या पिशवीत अटोर्वाचं पाकीट होतं, म्हणजे पुन्हा अटोर्वास्टॅटिनच. त्यांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली, पेनाने दोन्हीकडे त्याच शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, ‘यातलं कोणतं ठेवायचं ते डॉक्टरांना आत्ताच फोन करून विचारा. तोवर जुनं हे बाजूला.’ फोन झाला, जुनं बंद झालं, आणि वडिलांच्या डबीत ते कधी गेलंच नाही.

नावामागच्या छोट्या अक्षरांकडे असंच लक्ष द्या. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एएम’ असेल तर बहुधा त्यात अ‍ॅम्लोडिपिन मिसळलेलं असतं. ‘एच’ असेल तर लघवी वाढवणारं औषध. मधुमेहाच्या गोळीपुढे ‘एम’ असेल तर बहुधा मेटफॉर्मिन. ही अक्षरं कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेली असतात, म्हणून अंदाज बांधू नका, मागची घटकांची ओळ वाचून घ्या. जुनी गोळी ‘एएम’वाली असेल आणि नव्या यादीत अ‍ॅम्लोडिपिन वेगळं असेल, तर रक्तदाब इतका उतरू शकतो की उठताना पेशंट चक्कर येऊन पडतो.

पॅरासिटामॉलचीही तीच गत. डोलो, कॅल्पॉल, क्रोसिन ही सगळी तीच वस्तू. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही ते असतं. शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी दिलेली गोळी आणि वर सर्दीची गोळी असं झालं तर यकृतावर ताण येतो.

फार्मसिस्टना हे प्रश्न नेमके विचारा :

- यातली दोन औषधं एकच आहेत का?
- कुठली दोन एकमेकांशी जमत नाहीत का? (उदाहरणार्थ, रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेलबरोबर आम्लपित्ताचं ओमेप्राझोल घेतलं तर क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो.)
- कोणती उपाशीपोटी आणि कोणती जेवणानंतर?
- कोणत्या दोन गोळ्यांत अंतर ठेवायचं? थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर लागतं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी किमान अर्धा तास.
- कोणती गोळी फोडायची किंवा कुटायची नाही? नावात एसआर, एक्सआर, ईआर असेल ती सावकाश विरघळणारी असते, तिची पूड केली तर सगळा डोस एकदम अंगात जातो. पेशंटला नाकातून नळी असेल तर हा प्रश्न आवर्जून विचारा.

फार्मसिस्ट डोस बदलू शकत नाहीत, औषध बंदही करू शकत नाहीत. शंका दाखवून देणं त्यांचं काम, निर्णय डॉक्टरांचा. चांगला फार्मसिस्ट स्वतःच डॉक्टरांना फोन लावतो. असा मिळाला तर त्याचं दुकान सोडू नका.

४. घरचा तक्ता करा

मोठ्या कागदावर मोठ्या अक्षरांत तक्ता लिहा. रकाने : औषधाचं पाकिटावरचं नाव, आतलं औषध, कशासाठी, सकाळ, दुपार, रात्र, किती तारखेपर्यंत. वाचता न येणारं कुणी घरात असेल तर पाकिटांवरच मार्करने सूर्य आणि चंद्र काढा. तक्ता फ्रीजच्या दारावर लावा आणि त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका, म्हणजे पुण्यातल्या मुलालाही आणि गावच्या सुनेलाही एकच यादी दिसेल.

डबी आठवड्यातून एकदा, एकाच माणसाने भरावी. पाकिटं फेकू नका, डबीत सुटी टाकलेली गोळी नंतर ओळखता येत नाही. दुकानदार अर्धं पाकीट कापून देतो तेव्हा मुदतीची तारीख असलेला तुकडा अनेकदा त्याच्याकडेच राहतो. तारीख आणि बॅच नंबर बिलावर आहे का ते तिथेच बघा.

५. वापरायची पद्धत करून दाखवायला सांगा

गोळी गिळण्यापलीकडे काही असेल तर फक्त ऐकून घरी येऊ नका. दुकानातच करून बघा.

इन्सुलिनच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका सिरिंजचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीलीटरमध्ये ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर अडीच पट डोस जातो आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. उलट झालं तर डोस अपुरा पडतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा फार्मसिस्टसमोर जुळवून बघा, आणि दर खरेदीला बघा. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, साधारण चार आठवड्यांनंतर ती बदलायची असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वीज जाते तिथे पाण्याने गार ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवण्याची पद्धत कामाला येते.

दम्याची किंवा श्वासाची औषधं दिली असतील तर त्यात कधी कधी कॅप्सूल असते. ती गिळायची नसते. छोट्या यंत्रात घालून आतली पूड ओढायची असते. कॅप्सूल दिसली की ती पाण्याबरोबर घेण्याची सवय आपल्याला असते, त्यामुळे ज्येष्ठांना हे दोनदा सांगा. स्टिरॉइडचा पंप असेल तर ओढून झाल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो.

छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती बसून घ्यायची, उभ्याने नाही. एकदम रक्तदाब उतरतो. आणि दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन.

६. परस्पर बंद करू नका, परस्पर सुरूही करू नका

बरं वाटायला लागलं की गोळ्या सुटतात. अँजिओप्लास्टीत स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकलेल्या माणसाने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या स्वतःहून बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचं. दातांच्या डॉक्टरांनाही या गोळ्यांचं सांगायचं. स्टिरॉइडच्या आणि फिटच्या गोळ्याही अचानक थांबवायच्या नसतात. अँटिबायोटिक सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायचं. त्याच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसेल, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नये याची खूण आहे.

सुरू करण्याबाबत सगळ्यात जास्त धोका अंगदुखीच्या गोळीचा. शेजारचे काका ‘ही घे, लगेच आराम पडेल’ म्हणून पाकीट आणून देतात. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत असेल तर आणखी वाईट. मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी मागतानाही ‘बाबांची अँजिओप्लास्टी झाली आहे, या गोळ्या चालू आहेत’ हे वाक्य आधी बोला. काढे आणि ‘नैसर्गिक’ पावडरींनाही हाच नियम.

डोस चुकला तर दुप्पट घेऊन भरपाई करू नका. कुठल्या औषधाचा चुकलेला डोस लक्षात येताच घ्यायचा आणि कुठल्याचा सोडून द्यायचा, हे तक्ता करतानाच विचारून ठेवा.

७. खर्च कमी करायचा तर

चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल तर त्याच्या जागी दुसरा ब्रँड स्वतःच्या मनाने देण्याची मुभा दुकानदाराला नाही. म्हणून स्वस्त पर्याय हवा असेल तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. ते घेऊन जनऔषधी केंद्रात गेलात तर महिन्याचा खर्च बराच खाली येतो. जवळचं केंद्र आणि औषधांच्या किमती ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर बघता येतात. चौकशीचा क्रमांक १८००-१८०-८०८०. फिटची, थायरॉइडची आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं मात्र डॉक्टरांना न सांगता कंपनी बदलून घेऊ नका. त्यांत थोडा फरकही जाणवतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्येच धरलेली असतात. निघण्याआधी आरोग्यमित्रांकडे, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे, मागा. योजनेचा क्रमांक १५५३८८. खासगी विमा असेल तर डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा औषधखर्च बऱ्याच पॉलिसींत मिळतो, पण त्यासाठी पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव असलेलं पक्कं बिल आणि चिठ्ठी लागते. ‘बिल नको, पाच टक्के कमी करतो’ याला हो म्हणू नका. बिल नसेल तर न उघडलेली पाकिटं परतही करता येत नाहीत. फ्रीजमधली औषधं तर सहसा कुणीच परत घेत नाही, ती गरजेपुरतीच घ्या.

८. त्रास झाला तर

काळी शौच, न थांबणारा रक्तस्राव, चेहरा किंवा ओठ सुजणं, श्वास लागणं, अंगभर पुरळ, शुद्ध हरपणं : यात मेडिकलमध्ये वेळ घालवू नका, थेट दवाखाना. पाकिटं बरोबर न्या.

मळमळ, कोरडा खोकला, पायांवर सूज, उठताना चक्कर अशा तक्रारी फार्मसिस्टना सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी महिनोन्‌महिने खोकला येतो आणि लोक त्यावर सिरपच्या बाटल्या पीत राहतात. औषधाचा दुष्परिणाम वाटत असेल तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर पेशंटच्या घरचेही नोंद करू शकतात. औषध बनावट वाटलं किंवा दुकानाबद्दल तक्रार असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक १८००-२२२-३६५.

९. पहिल्या तपासणीला जाताना

तक्ता, डबी, घरी मोजलेला रक्तदाब आणि साखर यांची वही, हे सगळं न्या. डबीत उरलेल्या गोळ्या दिसल्या की डोस किती वेळा चुकला ते डॉक्टरांना विचारावं लागत नाही. प्रत्येक औषधाबद्दल ‘हे अजून चालू ठेवायचं का?’ असा प्रश्न करा. भरतीच्या काळात ताणामुळे आम्लपित्त होऊ नये म्हणून दिलेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहिल्याची उदाहरणं घराघरांत आहेत.

बंद झालेली औषधं त्याच दिवशी घरातून वेगळी काढा, ‘पुढे लागतील’ म्हणून कपाटात ठेवू नका. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत मोकळ्या टाकू नका, जाड प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून साठवा आणि दवाखान्यात घेतात का ते विचारा. आपला कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हातांना त्या टोचतात. नव्या चिठ्ठीची एक झेरॉक्स मेडिकलमध्ये द्या, फ्रीजवरचा जुना तक्ता काढून फाडा आणि नवा लावा.